बिजलीचा खुराक

माझा भाऊ रमाकांत याच्या गळ्याची शपथ मी मोडली, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. मोडली ती चांगल्यासाठी मोडली, आणि वेळ आली तर पुन्हा मोडीन. पण तेव्हा मी बारा वर्षांची होते, आणि बारा वर्षांच्या मुलीला पक्के ठाऊक असते की गळ्याची शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची असेल तो मरतो. ज्याने घातली त्यानेच ‘सुटली’ म्हटले, तरच ती सुटते. रमाकांतने तो एक शब्द म्हणायला दीड वर्ष लावले.

आम्ही मलकापूरचे. वडील चिंतामणराव तहसिलीत कारकून. तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. ‘दुसऱ्याच्या गाडीला लावलेला डबा’ असे वडील म्हणत, पण घरात, तहसिलीत नव्हे.

रमाकांत सोळाचा होता. उंची भरपूर, बाकी अंगावर काही नाही. शाळेत त्याला पऱ्हाटी म्हणत. कापूस वेचून झाला की शेतात जे वाळके झाड उरते ती पऱ्हाटी. नाव अगदी शोभत होते, हे मी त्याची बहीण असूनही सांगते. त्याला मात्र ते फार लागे.

आमच्या गल्लीच्या टोकाला नजीर पहेलवानांचा आखाडा होता. नजीरचाचा कापसाच्या जिनिंगमध्ये हमालांचे मुकादम. पहाटे आणि संध्याकाळी आखाड्यात. तिथे नळगंगेच्या पात्रातून आणलेला एक काळा धोंडा होता, गोल आणि गुळगुळीत, वजन दोन मण. नागपंचमीला अख्खे गाव तिथे लोटायचे. जो पोरगा तो धोंडा खांद्यावर घेऊन पाच पावले चालेल, त्याला नजीरचाचा स्वतःच्या हाताने फेटा बांधत. त्या वर्षी त्यांचा पुतण्या हैदर, रमाकांतच्याच वर्गातला, धोंडा घेऊन सात पावले चालला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. आणि आमच्या बहाद्दराला वाटले, हैदर उचलतो तर आपण का नाही!

धोंडा गुडघ्यापर्यंत आला. तिथून धोंडा खाली गेला, रमाकांत त्याच्यामागे गेला आणि धोतराने दोघांचीही साथ सोडली. ‘पऱ्हाटी मोडली रे!’ असे कोणीतरी ओरडले आणि सगळा आखाडा हसला.

नजीरचाचा तेवढे हसले नाहीत. त्यांनी त्याला उठवले, माती झटकली.

‘‘उद्यापासून ये, बेटा. दोन सालात उचलशीन.’’

‘‘दोन साल?’’ रमाकांतचा चेहरा पडला. ‘‘मले पुढच्या पंचमीले उचलायचा हाय, उस्ताद.’’

‘‘असं होत नाई. पी हळद अन् हो गोरी?’’

रमाकांत दुसऱ्या दिवशी गेला नाही. त्याला हळदच प्यायची होती, आणि ती त्याला स्टेशनवर सापडली.

स्टेशनबाहेर रंगरावचा टांगा उभा असायचा. त्याची घोडी बिजली म्हणजे फासळ्या मोजून घ्याव्यात अशी म्हातारी. पण त्या दसऱ्याला बिजलीला पाहून लोक थबकले. अंग भरलेले, कातडी तेल लावल्यासारखी चकाकणारी, मान ताठ. दोन महिन्यांत एवढा फरक! रंगराव मिशीला पीळ देत सांगायचा, खास खुराक आहे. रमाकांत त्याचे टांग्याच्या परवान्याचे अर्ज लिहून द्यायचा, कारकुनाचा मुलगा ना. त्या ओळखीवर त्याने विचारले, आणि रंगरावने हरभऱ्याच्या पिठात कालवायची चिमूटभर पांढरी भुकटी दाखवली. कुठल्याशा जत्रेत घोड्याच्या सौदागराने दिलेली. रंगरावलाही तिचे नाव माहीत नव्हते. घोडी भरली म्हणजे औषध चांगले, एवढाच त्याचा हिशेब.

आता इंग्रजी सातवीत शिकणाऱ्या मुलाने पुढे काय विचार करावा? घोडी भरते तर पोरगा का भरणार नाही! पुढचा अर्ज रमाकांतने एका पुडीच्या बदल्यात लिहिला.

मी त्याला कोठीच्या खोलीत पकडले. गुळाच्या खड्यात भुकटी दाबून गोळी वळत होता.

‘‘हे काय करून राह्यला रे?’’

तो दचकला. मग माझा हात धरून त्याने स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

‘‘वासंते, माह्या गळ्याची शपथ हाय तुले. आईले नाई, बाबाले नाई, कोनालेच सांगायचं नाई. सांगशीन तर मी मेलो समज.’’

मी हात ओढून घेईपर्यंत शपथ पडली होती. शपथेचे असेच असते, घेणाऱ्याला कोणी विचारत नाही.

आणि मग काय सांगू, चमत्कार झाला! दिवाळीपर्यंत त्याचे गाल वर आले. चेहऱ्यावर लाली चढली, दंड गोल झाले, गेल्या वर्षीचा सदरा काखेत उसवला. मास्तरांनी वर्गात उभे करून विचारले, कोणत्या गिरणीचे पीठ खातोस? आई रोज मीठमिरच्यांनी दृष्ट काढू लागली. रमाकांतच्या अंगावर ओंजळभर मांस चढले होते, आईच्या अंगावर मूठभर. त्याला पऱ्हाटी म्हणणारेच आता विचारत, ‘‘रमाकांता, खुराक काय बे तुहा?’’ तो छातीवर हात बांधून नुसता हसे. खरे सांगते, मलाही अभिमान वाटत होता. मी मैत्रिणींना सांगायचे, पुढच्या पंचमीला बघाच.

पौष लागला तसे पान उलटले. आधी पोटात जळजळ. मग जेवला की गोठ्यामागे जाऊन ओकायचा, आणि तोंड धुऊन असा यायचा की जसे काही झालेच नाही. तळहात जाड आणि खरखरीत झाले, वर राठ गाठी. पायांत मुंग्या येतात म्हणायचा. एका संध्याकाळी तो शाळेतून आला तेव्हा एकाच पायात वहाण होती. दुसरी गल्लीत कुठेतरी निसटली होती आणि त्याला कळलेच नव्हते. अंगठा फुटून रक्त येत होते, तेही मी दाखवले तेव्हा त्याने पाहिले. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

आईने पाय चेपायला सांगितले म्हणून मी बसले. नडगीवर बोट दाबले आणि काढले, तर खळगा तसाच राहिला. कणिक मळून ठेवल्यावर बोट दाबावे तसा. मी दुसरीकडे दाबले, तिथेही खळगा.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर भगवंतराव घरी आले. जीभ पाहिली, नाडी पाहिली.

‘‘खाण्यात काही वेगळं?’’ त्यांनी विचारले.

‘‘वरण, भाकरी, भाजी. आम्ही खातो तेच,’’ आई म्हणाली.

रमाकांतने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. डॉक्टरांनी क्विनाइन लिहून दिले आणि गेले. त्या काळी क्विनाइन सगळ्यालाच देत.

संक्रांतीला मी आईबरोबर हळदीकुंकवाला निघाले होते. स्टेशनच्या रस्त्यावर गर्दी दिसली. टांगा तिरपा झाला होता आणि बिजली खाली पडली होती. पुढचे पाय ती उचलत होती आणि ते पुन्हा मुडपत होते, जसे काही ते तिचे नव्हतेच. तोंडाला फेस. रंगराव तिचे डोके मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडत होता.

कडूबा नावाचा एक म्हातारा धनगर पुढे झाला. त्याने बिजलीचा ओठ उघडून पाहिला.

‘‘काय चारलं रे तिले? सोमल चारला का?’’

‘‘नाव नाई माहीत, बुवा. पांढरी भुकटी...’’

‘‘सोमलच होय. सौदागरायचा धंदा हाय हा. घोडं चमकते, विकलं जाते, मंग मरते.’’

सोमल मला माहीत होता. आमच्याकडे उंदीर मारायला आणत. आई त्याला हात लावू देत नसे. माझ्या हातातले तिळगुळाचे ताट तिथेच पालथे झाले. आई मला खूप रागे भरली, पण मला काही ऐकू येत नव्हते.

धरले तर चावते, सोडले तर पळते, असे झाले. सांगितले तर शपथेने मरेल, नाही सांगितले तर सोमलाने. रात्रभर मी दोन्ही मरणे मोजली. सकाळी एवढे कळले की शपथेने मेलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता, आणि सोमलाने मरणारी घोडी काल पाहिली होती.

वडिलांना सांगायचे धैर्य नव्हते. ते आधी मारत आणि मग विचारत. मी नजीरचाचांच्या घरी गेले. त्यांची बायको बानोचाची म्हशीची धार काढत होती. तिच्या पदराला धरून मी सगळे सांगून टाकले आणि शेवटी हुंदके देत विचारले, ‘‘मी शपथ मोडली, चाची. तो मरन का आता?’’

चाचीने दुधाची चरवी तशीच ठेवली आणि आत हाक मारली.

नजीरचाचा आमच्या घरी कधी आले नव्हते. त्या दिवशी ते सरळ ओसरीवर आले, केसांत कापसाचे तंतू तसेच. वडील चकित होऊन उभे राहिले. चाचांनी रमाकांतच्या खाटेशी बसून त्याची नडगी दाबली. खळगा पडला. त्यांनी दंड दाबला, तिथेही पडला.

‘‘भाऊसाहेब, हे मास नाई. हे सूज होय.’’

‘‘काय म्हणता, नजीरभाई?’’

‘‘मोताळ्याच्या बाजारात दलाल लोक बैलाले मीठ चारते अन् मंग पाणी पाजते. बैल टम्म फुगते. घरी आणला का दुसऱ्या दिवशी फासळ्या दिसते. तुमच्या पोराचं तसंच झालं. यानं सोमल खाल्ला.’’ मग ते रमाकांतकडे वळले. ‘‘माह्या मोठ्या भावानं खाल्ला होता, शकीलनं. त्यालेबी कुस्ती मारायची घाई होती. लय देखणा दिसे. आम्ही समजलो, पहेलवान झाला. त्याले म्या खांद्यावर नेला बेटा, अन् त्याचं वजन तुह्या दप्तराएवढं होतं.’’

चाचांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. वडिलांचा वर गेलेला हात खाली आला.

भगवंतराव पुन्हा आले. आता त्यांना खरे कळले होते. क्विनाइन बंद, गुळाच्या गोळ्या चुलीत. ते म्हणाले, ‘‘आणखी एक महिना गेला असता तर मला बोलावून उपयोग नव्हता. पोरगा वाचेल. पाय कितपत येतील ते आज सांगत नाही.’’

सूज उतरली आणि खालून जो रमाकांत निघाला तो पऱ्हाटीहूनही बारीक होता. केस गळाले, काठीशिवाय उभे राहता येईना. मी त्याच्या उशाशी गेले.

‘‘रमाकांत, सुटली म्हन ना.’’

त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. ‘‘नाई म्हणत. तू माहा धोंडा बुडवला.’’

‘‘तू मेला असता!’’

‘‘धोंडा उचलीन त्या दिवशी म्हणीन. तवरिक बोलू नको माह्याशी.’’

कृतघ्न! जीव वाचवला त्याचे हे बक्षीस. मला त्याच्या त्या चारच केसांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. पण त्याहून भीती जास्त होती. शपथ अजून बसलेलीच होती, आणि हा काठी टेकत हिंडत होता. रोज सकाळी डोळा उघडला की मी आधी त्याचा श्वास चालू आहे का ते पाहायचे.

चैत्रात नजीरचाचांनी त्याला बोलावले. चालताना तो एका हाताने काठी धरायचा आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवायचा. बोलत नव्हता, पण भार माझ्यावरच टाकत होता.

त्याला वाटले होते, आता चाचा दंड-बैठका शिकवतील. चाचांनी त्याच्या हातात फावडे दिले.

‘‘हौद खण.’’

हौद म्हणजे आखाड्यातली कुस्तीची माती. ती रोज खणावी लागते, नाहीतर ती दगड होते आणि पडणाऱ्याची हाडे मोडते. त्या मातीत ताक, तेल आणि हळद जिरवलेली असते. पहिल्या दिवशी रमाकांतने पाच फावडी मारली आणि बसला. चाचा म्हणाले, उद्या सहा. आठ दिवस तो चिडून खणत होता, मग चिडायलाही दम उरला नाही म्हणून नुसता खणू लागला. हैदर त्याच्या शेजारी दुसरे फावडे घेऊन उभा राही, आणि कंबर न मोडता पायांतून जोर कसा घ्यायचा ते दाखवी. ‘‘धोंडा हातानं नाई उचलत बे,’’ तो म्हणायचा, ‘‘पायानं उचलते.’’

खुराक काय, तर ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, भिजवलेले शेंगदाणे आणि बानोचाचीच्या म्हशीचे दूध. आईने दुधाबद्दल जरा कुरकुर केली. वडील म्हणाले, ‘‘दूध म्हशीचं आहे. म्हशीला जात नसते.’’

त्या नागपंचमीला चाचांनी त्याला धोंड्याला शिवू दिले नाही. घरी येऊन तो उशीत तोंड खुपसून रडला. मी दारात उभी होते, वाटले आता तरी म्हणेल. नाही म्हणाला.

दिवाळीनंतरची गोष्ट. तो आखाड्यातून अनवाणी येत होता, आणि आमच्या दाराशी एकदम किंचाळला. आई पोळपाट टाकून धावली, मी धावले. रमाकांत एका पायावर नाचत होता. तळव्यात बाभळीचा काटा रुतला होता.

‘‘आई, दुखलं! मले दुखलं!’’ आणि तो मोठमोठ्याने हसत होता.

वर्षभर निखाऱ्यावर ठेवला असता तरी न कळणारा तो पाय! आईने काटा काढण्याआधी सगळ्यांच्या तोंडात साखर घातली. वडिलांनी तहसिलीत रजा टाकली, काटा रुतला म्हणून रजा टाकणारा कारकून मी दुसरा पाहिला नाही. काठी त्या दिवशी चुलीत गेली.

पुढच्या आषाढात माझे लग्न ठरले. स्थळ चिखलीचे, मुहूर्त मार्गशीर्षात. सगळे म्हणत होते, पोरगी नशीब काढणार. मला मात्र एकच घोर. ही शपथ डोक्यावर घेऊन सासरी जायचे? तिथून रोज याचा श्वास कसा पाहणार?

आणि नागपंचमी आली. त्या दिवशी जमीन खणायची नाही, चिरायचे नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही, हे गावात सगळे पाळत आणि नजीरचाचाही पाळत. म्हणून आदल्या दिवशीच हौद खणून ठेवायचा. दर वर्षी चार पोरे लागत. त्या वर्षी सगळा हौद एकट्या रमाकांतने खणला, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि नंतर घरी येऊन नऊ भाकऱ्या खाल्ल्या.

दिंडे उकडून झाले तशी मी बानोचाचीकडे पळाले. तिच्या धाब्यावरून, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावरून, आखाडा खाली ताटासारखा दिसे. चाचीने मला कडेला बसवले आणि माझ्या पदराचे टोक मुठीत धरून ठेवले.

चार जणांनी प्रयत्न केला, एकाने उचलला. मग रमाकांत उतरला. हसणारे अजून होतेच, पण दंड पाहून जरा गप्प झाले. फुगलेले नव्हते ते आता. फावड्याने घडवलेले होते, शिरा दिसत होत्या.

पहिल्या वेळी धोंडा छातीपर्यंत आला आणि निसटला. माती थरथरली. माझा हात आपोआप माझ्याच गळ्याशी गेला. नजीरचाचांनी फक्त त्याच्या पायांकडे बोट दाखवले. रमाकांतने पायांकडे पाहिले. धाब्यावरून मला स्पष्ट दिसले, त्याने पायाची बोटे मातीत रुतवली, एक एक करून, दहाही. दीड वर्षापूर्वी ती बोटे त्याला असून नसल्यासारखी होती.

धोंडा गुडघ्यावर आला. मांडीवर आला. छातीवर आला आणि तिथे थांबला. हैदर ओरडत होता, ‘‘पायानं बे, पायानं!’’ आणि मग तो काळा धोंडा वर सरकला आणि माझ्या भावाच्या खांद्यावर बसला.

आखाडा उसळला. एक पाऊल. दोन. तीन. लोक मोजत होते. पाच झाली. तो थांबला नाही. सहा, सात, आठ. सरळ आमच्या धाब्याच्या भिंतीखाली आला आणि मान वर केली. चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

‘‘वासंते!’’ तो ओरडला. ‘‘सुटली! तुही शपथ सुटली!’’

गावाला काही कळले नाही. कोणी म्हणाले, भोवळ आली पोराला. चाचीने मला विचारले, काय गं, काय म्हणतो तो? मी नुसती रडत होते आणि हसत होते. तो तसाच उभा, खांद्यावर दोन मण घेऊन, माझ्या तोंडाकडे पाहत.

‘‘ऐकलं का नाई?’’

‘‘ऐकलं!’’ मी जीव खाऊन ओरडले. ‘‘आता ठेव खाली, गाढवा!’’

सगळा आखाडा हसला, आणि या वेळी सगळ्यात मोठ्याने रमाकांत हसला. मग त्याने धोंडा खाली ठेवला, आणि नजीरचाचा फेटा घेऊन पुढे आले.